‘आमच्या वेळची’ पकड

आपल्या मेसमध्ये दोन विषयांवर एकमत होणं अशक्य आहे. पहिला, आमटीत डाळ असते की नाही. दुसरा, कबड्डीत जुन्या लोकांचा बचाव भारी होता की आताच्यांचा. पहिल्या विषयावर लिहिलं तर संपादक मंडळ छापणार नाही (त्यातले तिघं मेस कमिटीत आहेत), म्हणून दुसरा घेते.

आता तुम्ही म्हणाल, हा वाद तर दरवर्षीचाच. खरं आहे. अलिबाग, पेण, रोहा, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यातलं कुठलंही हॉस्टेल घ्या, तिथल्या निम्म्या पोरांच्या गावात एक मंडळ, मंडळाचा संघ आणि संघाची वर्गणी असतेच. पण यंदा या वादाला पैसा चिकटलाय. झोनलला आपले मुलांचा आणि मुलींचा असे दोन्ही संघ पहिल्याच फेरीत गारद झाले, आणि दोन्ही सामने मॅटवर होते. त्यावरून जिमखान्याच्या बैठकीत विषय निघाला की कॉलेजनं आता मॅट घ्यावी. इथपर्यंत ठीक. पण पुढे कुणीतरी पुस्ती जोडली, की मग मुलांच्या हॉस्टेलमागचं मातीचं मैदान काढून तिथेच सिमेंटचा चौथरा घालू आणि त्यावर मॅट अंथरू. झालं! लगेच दोन पार्ट्या पडल्या.

पहिल्या पार्टीत मेसचे काका, वर्कशॉपमधले एकदोन सर आणि गावाकडून खेळून आलेले सगळे. त्यांचं म्हणणं असं, की पकड मातीतच शिकावी. ‘आमच्या वेळी कोपऱ्यातला माणूस म्हणजे भिंत असायची. आताची पोरं नुसत्या उड्या मारतात आणि चढाईवाला चालत घरी जातो,’ हे वाक्य मी दोन वर्षांत किमान पन्नास वेळा ऐकलंय. दुसऱ्या पार्टीत प्रो कबड्डी बघून वाढलेले. त्यांचं म्हणणं, काका, तुमच्या वेळच्या गोष्टी आहेत, आमच्याकडे आकडे आहेत.

मी यात का पडते? तर मी डोंबिवलीच्या एका कॉन्व्हेंटची. शाळेत आम्हाला थ्रोबॉल होता. ‘लोण’ हा शब्द माझ्या कानावर पहिल्यांदा पडला तो अठराव्या वर्षी, इथल्या लाल मातीत. सेकंड इयरपासून मी उजवा कोपरा खेळते. म्हणजे माझ्याकडे ना गावच्या मंडळाचा वारसा, ना लहानपणापासून टीव्हीवर कबड्डी बघितल्याचं पुण्य. त्यामुळे दोन्ही पार्ट्यांचं ऐकताना मला एकच प्रश्न पडतो. बाबांनो, मोजताय कशानं?

आधी आकडेवाल्यांकडे बघू. आपण इंजिनिअर (होऊ घातलेले), आकड्यांचा मान पहिला.

प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली. २०१८-१९ च्या सहाव्या हंगामात यूपी योद्धाच्या नितेश कुमारनं पकडींचे १०० गुण केले. एका हंगामात शंभरी गाठणारा तो पहिला बचावपटू. इराणचा फझल अत्राचली डाव्या कोपऱ्यातून खेळत कारकिर्दीत ५०० गुणांच्या पुढे गेला. आता सांगा, काकांच्या वेळी असं कुणी होतं का? हा प्रश्न विचारला की दुसरी पार्टी टाळ्या वाजवते.

पण थांबा. हे गुण आहेत, पकडी नव्हेत. मैदानात तीन किंवा तीनपेक्षा कमी बचावपटू उरलेले असताना पकड झाली, तर ती अव्वल पकड आणि तिचे दोन गुण. म्हणजे शंभर गुण म्हणजे शंभर माणसं धरली असं नाही. शिवाय तिसऱ्या चढाईचा नियम आहे. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणायचाच, नाहीतर चढाईवाला बाद. याचा अर्थ काय होतो बघा. नियमच चढाईवाल्याला हाताला धरून कोपऱ्याच्या तोंडात आणून सोडतो.

जुन्या सामन्यात आघाडीवर असलेला संघ काय करायचा? चढाईला जायचं, निदान रेषा ओलांडायची, दम घालत डावीकडून उजवीकडे एक फेरी मारायची आणि परत यायचं. कोपऱ्यातला माणूस कितीही भिंत असला तरी भिंतीवर येऊन आपटायला कुणी आलंच नाही तर ती काय करणार? आणि त्या फेरीला वेळेची मर्यादा म्हणजे फक्त दम. आता दम आहेच, पण वर ३० सेकंदांचं घड्याळ आहे. आजच्या कोपऱ्याला एका सामन्यात जितक्या खऱ्याखुऱ्या संधी मिळतात, तितक्या तेव्हाच्या माणसाला दोनतीन सामने मिळूनही मिळत नसतील, असा माझा अंदाज आहे. (अंदाजच हं, सिद्धता मागू नका.)

बोनस रेषेचं तर आणखी गमतीशीर आहे. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटरचं. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा, आणि तिथून अंतिम रेषेपर्यंत उरतात फक्त १.७५ मीटर. समोर सहा किंवा सात बचावपटू असताना चढाईवाल्यानं बोनस रेषेपलीकडे पाय टाकला, मागचा पाय हवेत ठेवला, की एक गुण. म्हणजे तो पाय टाकायला येणारच, आणि कुठे टाकणार तेही साधारण ठरलेलं. कोपऱ्यातून घोट्यावर जाणारी जी झेप आपण टीव्हीवर पुन्हा पुन्हा बघतो, तिचं अर्धं श्रेय त्या एका रेषेला द्यायला हवं. रेषा नसती तर तो पाय तिथे आलाच नसता.

फुटबॉलवाल्यांना (ब्लॉक बी, दुसरा मजला, तुम्हीच) हे लगेच पटेल. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम बदलला. आधी हल्ला करणाऱ्याच्या पुढे प्रतिस्पर्ध्याचे तीन खेळाडू असावे लागायचे, ते दोनवर आणले. इंग्लंडच्या फर्स्ट डिव्हिजनमध्ये १९२४-२५ च्या हंगामात ११९२ गोल झाले होते, पुढच्या हंगामात १७०३ झाले. क्लब तेवढेच, सामने तेवढेच. उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळ्या इंग्लंडचे बचावपटू एकदम बचाव विसरले काय? नाही ना! मग क्लबांनी मधल्या फळीतला एक माणूस मागे ओढून तिसरा बॅक केला. आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमननं त्यावर पुढची सगळी रचना उभी केली. म्हणजे नियम बदलला, बचाव कोसळला, मग बचावानं नवं उत्तर शोधलं. यातल्या कुठल्या बचावाला ‘भारी’ म्हणायचं?

आता काकांची पार्टी खूश झाली असेल. तुमच्याकडेच येते.

मातीचं गणित वेगळं आहे आणि ते बूट घालून कळत नाही. इकडे दिवाळीनंतर भात कापून झालं की गावोगाव मैदानं तयार होतात. पाणी शिंपायचं, रोलर फिरवायचा, फक्कीनं रेषा मारायच्या, बांबूला हॅलोजन बांधायचे. खेळाडू अनवाणी. माती कितीही चाळून घेतली तरी खडा राहतोच, आणि झेप घेतली की कोपर किंवा गुडघा, दोघांपैकी एक सोलून निघतो. एका सामन्यात एकदा सोललं तर माणूस हळद लावून परत उभा राहतो. पण रात्री तीन सामने असतील तर? म्हणून मातीवर एकट्यानं झेपावणं महाग पडतं. त्यावर इथल्या लोकांनी काढलेलं उत्तर म्हणजे साखळी. हातात हात धरून दोघं चढाईवाल्याची परतीची वाट कापतात, कोपरा पायाला जातो, कव्हर कमरेला मिठी मारतो, आणि सेंटरचा माणूस मध्यरेषेकडे आडवा येतो. मार सगळ्यांनी वाटून घ्यायचा. वाट बघायची, घाई करायची नाही. काका ज्याला भिंत म्हणतात ती एका माणसाची नसायची, चौघांची असायची. आठवणीत मात्र कोपऱ्यातलाच माणूस राहतो, कारण पाय त्याच्या हातात असतो.

मॅटवर हेच सगळं उलटं होतं. पायात बूट, बुटाला रबर, खाली रबरासारखीच मॅट. आपल्या भाषेत सांगायचं तर ‘म्यू’ वाढला. चढाईवाला एका पावलात दिशा बदलतो. हात धरून उभे असलेले दोघं त्याच्याबरोबर वळेपर्यंत तो बोट लावून निघूनही गेलेला असतो. पण त्याच मॅटनं झेप स्वस्त केली. पडलं तरी कातडी जात नाही, म्हणून कोपऱ्यातला माणूस एका सामन्यात सहा वेळा उडी टाकू शकतो. काका ज्याला ‘नुसत्या उड्या’ म्हणतात, ते अंगात धीर नसल्याचं लक्षण नाही. त्या जमिनीवर तेच परवडतं. साखळी गेली असंही नाही, मोठ्या सामन्यांतही दिसते, पण ती आता हाताशी ठेवलेली एक चाल आहे, पूर्वी तिच्यावरच सगळं उभं असायचं.

आणखी मागे गेलं तर तुलनाच बंद करावी लागते. पूर्वी या खेळाचे तीन प्रकार होते: संजीवनी, गनिमी आणि अमर. संजीवनीत समोरचा गडी बाद झाला की आपला बाद झालेला जिवंत होऊन परत येतो. आज आपण खेळतो ते हेच. गनिमीत बाद झाला तो सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच. अमरमध्ये बाद झालेला बाहेर जातच नाही, फक्त गुण मोजतात. आता डोक्यात आणा, अमर खेळणारा बचाव कायम पूर्ण! त्याला ‘तीन उरलेत, आता काय करायचं’ हा प्रश्न आयुष्यात पडला नसेल. आणि गनिमीवाल्याला एक माणूस जाणं म्हणजे जवळजवळ मैदानच हातचं जाणं, तो उगाच झेप का घेईल? १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं या खेळाचं प्रात्यक्षिक दाखवलं होतं. त्या मंडळींचा बचाव आणि नितेश कुमारचा बचाव एका तराजूत घालणं म्हणजे स्लाइड रूल आणि कॅल्क्युलेटरची कुस्ती लावण्यासारखं आहे.

जुन्यांची दुसरी अडचण म्हणजे कुणाच्या नावावर किती पकडी हे गावच्या सामन्यात कुणी लिहून ठेवत नाही. गुणलेखक गुण लिहितो, लोण लिहितो, कोण बाद झालं ते लिहितो. कुणी धरलं ते प्रेक्षकांच्या तोंडी राहतं. पण याच गावांनी एक मोजमाप काढलंय, आणि मला ते टीव्हीवरच्या आकड्यांइतकंच महत्त्वाचं वाटतं. अंतिम सामन्यानंतर बक्षिसं जाहीर होतात: उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड, आणि आपल्या सगळ्यांचं लाडकं पब्लिक हिरो! उत्कृष्ट पकडीचं बक्षीस सर्वात जास्त पकडी करणाऱ्याला जाईलच असं नाही. ज्याच्यामुळे सामना फिरला, ज्याच्या कोपऱ्याकडे चढाईवाल्यानं नंतर जायचंच सोडलं, त्यालाही ते जातं. टीव्हीच्या आकड्यात नेमकं हेच येत नाही. तुम्ही कोपऱ्यात इतके चांगले असलात की समोरचा तुमच्या बाजूला येईनासा झाला, तर तुमच्या नावावर गुण कमी लागतात. आकडा म्हणेल, ढ आहे. टेबलावर बसलेले चार बुजुर्ग म्हणतील, हाच खरा.

मग दोन काळांची तुलना करायचीच नाही का? करायची, पण निदान एक बाजू तीच राहील असं काहीतरी शोधायचं. मला एकच सापडलं, भारत विरुद्ध इराण.

२००४ मध्ये मुंबईत विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारतानं इराणला ५५-२७ असं हरवलं. २००७ मध्ये पुढचा विश्वचषक झाला तो आपल्याच जिल्ह्यात, पनवेलला. (हे आपल्या हॉस्टेलमधल्या किती जणांना माहीत आहे? हात वर करा.) अंतिम सामना पुन्हा तोच, निकाल २९-२२. तीन वर्षांत भारताचे गुण ५५ वरून २९ वर आले. आशियाई स्पर्धांच्या अंतिम सामन्यात २०१० मध्ये ३७-२०, २०१४ मध्ये २७-२५. २०१६ च्या अहमदाबाद विश्वचषकात ३८-२९. आणि मग २०१८, जाकार्ता, उपांत्य सामना: इराण २७, भारत १८. १९९० मध्ये कबड्डी आशियाई स्पर्धांत आल्यापासून तोवरची सातही सुवर्णपदकं भारतीय पुरुषांनी जिंकली होती. ती रांग त्या दिवशी तुटली.

एकूण गुणांत बोनस, लोण आणि आपल्या स्वतःच्या पकडीही असतात, त्यामुळे हा निव्वळ इराणच्या बचावाचा आलेख नाही, हे मला कळतं. रेषा सरळही उतरत नाही. तरीसुद्धा ५५ पासून १८ पर्यंतचा प्रवास काहीतरी सांगतो. इराणकडे मातीतली साखळी नव्हती, गावचं मंडळ नव्हतं, पब्लिक हिरो नव्हता. त्यांच्याकडे कुस्ती होती. अत्राचली स्वतः आधी कुस्तीगीर. त्यांनी आपल्याकडचा खेळ घेतला आणि पकडीच्या जागी आपली पकड बसवली. ‘बचाव मातीतच शिकता येतो’ हे वाक्य २०१८ नंतर तरी जपून बोलावं, असं मला वाटतं.

आणि ‘आकडे खोटं बोलत नाहीत’ म्हणणाऱ्यांसाठी २०२३. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना, पुन्हा भारत-इराण, गुण २८-२८, शेवटचं मिनिट चालू. पवन सेहरावत चढाईवर गेला आणि कुणालाही स्पर्श न होता त्याचा पाय लॉबीत पडला. त्याला धरायला धावलेले इराणचे बचावपटूही त्याच्यामागे लॉबीत गेले. एका नियमाप्रमाणे आत गेलेले बचावपटूसुद्धा बाद. दुसऱ्या, नव्या नियमाप्रमाणे बाद फक्त चढाईवाला. कुठलं पुस्तक लागू, यावर जवळजवळ तासभर खेळ थांबला होता. शेवटी भारत ३३-२९ असा जिंकला. एकच चढाई, एकच बचाव, तेच पाय, त्याच रेषा, आणि पुस्तक बदललं की गुण वेगळे. एका संध्याकाळी ही गत, तर चाळीस वर्षांच्या अंतरावरच्या दोन कोपऱ्यांची काय कथा!

आता मला विचाराल, तर माझं मत मी सांगून टाकते, मग मेसमध्ये काय व्हायचं ते होऊ दे. मैदानात सातच्या सात जण उभे असतील तर मला मातीतला बचाव हवा. वाट अडवणं, एकमेकांकडे न बघता एकमेकांच्या जागा ओळखणं, चढाईवाल्याला आपल्याला हवं त्या कोपऱ्यात आणून सोडणं, यात मातीवाले पुढे आहेत. पण तीनच जण उरले असतील, तर मला आताची पोरं हवीत. तीन माणसांत भिंत होत नाही. तिथे एकट्यानं घोटा धरून शेवटपर्यंत न सोडणारा लागतो, आणि ती कला मॅटनं आणि त्या दोन गुणांच्या लालचीनं वाढवली. दोन्ही एकाच माणसात असू शकतात का? असू शकतात. तमिळनाडूचा चेरलाथन धर्मराज बघा, माझ्यासारखाच उजवा कोपरा (एवढंच साम्य). जन्म १९७५ चा, म्हणजे त्याची पिढी मातीवर वाढलेली. २०१६ मध्ये पाटणा पायरेट्सचा कर्णधार म्हणून प्रो कबड्डी जिंकला, त्याच वर्षी विश्वचषकाच्या भारतीय संघात होता, आणि २०१९ मध्येही चव्वेचाळिसाव्या वर्षी मॅटवर उभा होता. त्या वयात उड्या मारून कुणी टिकत नाही. तो कुठे उभा राहायचा ते बघा, कधी झेपावायचा ते नंतर.

इतकं सगळं लिहायचं कारण मात्र धर्मराज नाही. कारण आपल्याच कॉलेजची निवड चाचणी आहे.

यंदा मुलींच्या संघासाठी मुरूडकडची एक फर्स्ट इयरची मुलगी आली होती. नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. मातीवर तिच्या कोपऱ्यातून मी एकदाही सुटले नाही. निवडीच्या दिवशी बाहेरून भाड्यानं मॅट आणली होती, दहा मिनिटांचा डाव दिला. तिच्याकडे बूट नव्हते, कुणाचे तरी मागून घातले, एक नंबर मोठे. पहिल्या झेपेत पाय बुटात फिरला, दुसऱ्या वेळी ती थांबली, साखळीला हात पुढे केला, आणि शेजारच्या मुलीला तो हात कशासाठी आलाय हेच कळलं नाही. शेरा पडला, ‘मातीतली आहे, मॅटवर चालणार नाही.’ विषय संपला. तिकडे मुलांच्या संघात अगदी उलटं झालं होतं. व्हिडिओ बघून झेप शिकलेले दोघंतिघं घेतले. पण वर्षभर सराव मातीवर, आणि मातीवर पूर्ण जोरात झेप घेतली तर गुडघे जातात, म्हणून सराव नेहमी अर्ध्या जोरात. झोनलला आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण जोरात उडी मारली ती थेट सामन्यात, आणि प्रत्येक वेळी अर्धा सेकंद आधी. त्यांना मेसमध्ये कुणी म्हणालं, तुमच्यात दम नाही. अहो, दमाचा काय संबंध? त्यांना झेप शिकायला जागाच दिली नाही.

म्हणजे दोन्ही पार्ट्यांनी आपापल्या काळाचा गज घेऊन दुसऱ्या काळातली मुलं मोजली, आणि दोन्हीकडची चांगली मुलं बाहेर बसली. जुनं भारी की नवं या वादाची मेसमध्ये मजा आहे, निवड चाचणीत त्याची किंमत पडते.

म्हणून माझं जिमखान्याला म्हणणं असं आहे. मॅट घ्या, नक्की घ्या, पण मातीचं मैदान काढू नका. त्याची गरजच नाही. पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ बाय १०, महिलांचं १२ बाय ८. आपलं बास्केटबॉल कोर्ट नेहमीच्या मापाचं, २८ बाय १५ आहे. कोर्टावर मॅट अंथरली तर दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर मोकळे राहतात, मागेपुढे तर विचारूच नका. मॅट एक मीटरच्या चौकोनी तुकड्यांची येते, एकमेकांत अडकवायची, म्हणजे आत १३० तुकडे आणि कडेचे थोडे. दहा जणं लागले तर अर्ध्या तासात अंथरून होईल. खाली सिमेंट आहे, त्यामुळे जाडीत कंजुषी करून चालणार नाही, तेवढं कोटेशन मागवताना बघा. पावसाळ्यात तुकडे स्टेजच्या मागच्या खोलीत रचता येतील, तिथे सध्या मागच्या तीन गॅदरिंगचे पुठ्ठ्याचे राजवाडे पडलेत. बास्केटबॉलवाल्यांची समजूत मी काढते. आठवड्यातले चार दिवस माती, दोन दिवस मॅट. चाचणी मॅटवरच घ्या, पण त्याआधी सगळ्यांना किमान पंधरा दिवस मॅटवर खेळू द्या, आणि चाचणीसाठी सगळ्या मापांचे मिळून दहाबारा जोड बूट जिमखान्याच्या कपाटात ठेवा. चौथऱ्याच्या सिमेंटपेक्षा ते नक्की स्वस्त पडतील.

आणि काकांना निवड समितीत घ्या. हो, खरंच. सात जण उभे असताना कोण कुठे उभं राहतं, हे त्यांच्याइतकं इथे कुणालाच दिसत नाही. तीन जण उरले की मात्र त्यांनी गप्प बसायचं, एवढी अट.

मातीच्या मैदानाला पाऊस संपल्यावर एकदा रोलर फिरवावा लागेल. रोलर सर्व्हे लॅबच्या मागे गवतात आहे, दांडा गंजलाय पण फिरतो.